दूताचे मौन

रामगिरी म्हणजे रामटेक, ही वा. वि. मिराशी यांनी पुरस्कारलेली ओळख स्वीकारली (मल्लिनाथ तो चित्रकूट मानतो), तर नागपूरजवळच्या या टेकडीवर यक्षाने आपला निरोप अशा वाहकाच्या हवाली केला की ज्याने तो घेतल्याची कोणतीही खूण दिली नाही. ‘मेघदूता’च्या अखेरीस यक्ष मेघाच्या मौनाचा अर्थ स्वतःच लावतो : चातकाला पाणी देताना तू कुठे बोलतोस? मौन म्हणजे संमती, हे येथे दूताने नव्हे, गरजवंताने ठरविले आहे. निरोप पोहोचला की नाही, हे काव्य सांगत नाही. ही अनिश्चितता परंपरेला सोसली नसावी. काही हस्तलिखितांत कुबेराने निरोप ऐकून शाप आवरता घेतल्याचे, प्रक्षिप्त मानले जाणारे श्लोक आढळतात.

निरोप पत्करणे म्हणजे नेमके काय पत्करणे, हा प्रश्न संगणकीय टपालाच्या परिभाषेतही आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या एसएमटीपी या टपालसंकेतात एक यंत्र दुसऱ्याला आधी प्रेषकाचा व प्राप्तकर्त्याचा पत्ता कळविते, मग मजकूर देते. तो घेतल्यावर दुसरे यंत्र ‘२५०’ हा आकडा उच्चारते. २००८ च्या सुधारित संहितेनुसार या आकड्याने जबाबदारीचे हस्तांतर होते : यापुढे टपाल पोहोचवायचे, नाही तर न पोहोचल्याचे प्रेषकाला कळवायचे. मौनाला येथे संमतीचा अर्थ नाही.

मराठीत ‘सर्व्हर’ हाच शब्द रुळला आहे. ‘सेवक’ हा प्रतिशब्द शब्दशः बरोबर असला, तरी तो दिशाभूल करतो. सेवक सांगितलेले करतो, असे आपण गृहीत धरतो. कौटिल्याचे दूतविषयक वर्गीकरण अधिक उपयोगी आहे. पूर्णाधिकार असलेला निसृष्टार्थ, मर्यादित अधिकाराचा परिमितार्थ आणि केवळ लेख वाहून नेणारा शासनहर. १९८२ च्या संकेतातील सर्व्हर शासनहर होता. आजचा तसा राहिलेला नाही. तो मजकूर चाळतो, त्याला गुण देतो आणि टपाल प्राप्तकर्त्यापुढे ठेवायचे, अडगळीत टाकायचे की नष्ट करायचे हे ठरवितो. टीएलएसचे कवच दोन यंत्रांमधल्या वाटेपुरते असते. प्रत्येक मुक्कामावर लखोटा उघडाच असतो. अधिकार वाढला, नाव मात्र सेवकाचेच राहिले. परिभाषेतील ही विसंगती केवळ भाषिक नाही, कारण नावामागे उत्तरदायित्व लपते.

अर्थात ‘२५०’ म्हणून नंतर टपाल गुपचूप टाकून देणाऱ्या प्रशासकाची बाजूही पोकळ नाही. फसव्या टपालावरील प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा असतो. न पोहोचल्याची सूचना भलत्याच निरपराध माणसाच्या दारात जाऊन पडते. म्हणूनच संहितेने मूक विल्हेवाटीला पूर्ण बंदी घातलेली नाही. मजकूर फसवा वा गैर असल्याची जवळजवळ खात्री असेल तेव्हाच ती करावी, असा तिचा दंडक आहे. परंतु ही खात्री कोणाची? प्रेषकाला तर आपले पत्र कुठे अडले हेही ठाऊक नसते. तो यक्षासारखाच मौनाचा अर्थ लावीत बसतो. फरक इतकाच की यक्षाला कोणी होकार दिला नव्हता, याला दिलेला आहे. वचनभंग येथे घडतो, मेघाकडून नाही.

न पोहोचल्याची सूचना ‘मेलर-डीमन’ या नावाने येते. ‘डीमन’ म्हणजे पडद्याआड अखंड राबणारी आज्ञावली. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीत मॅक्सवेलच्या काल्पनिक डीमनवरून रूढ झाला. ग्रीक कल्पनेत डीमन हा देव आणि माणूस यांच्यामधला. यक्षही तसाच, आणि कामातील हलगर्जीपणासाठी शिक्षा भोगणारा. मराठीत ‘डीमन’ला ‘यक्ष’ म्हणावे, असे सुचविण्याचा मोह होतो; पण आज्ञावली शाप भोगत नाही, तिच्या वतीने भोगणारा माणूस शोधावा लागतो.

संहितेने त्याची एक सोय ठेवली आहे. टपाल स्वीकारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ या नावाचा पत्ता असलाच पाहिजे, म्हणजे तक्रार कोणाकडे न्यायची हे ठरलेले राहते. यक्षाला ती सोय नव्हती. ज्या कुबेराकडे दाद मागायची, शाप त्याचाच होता.