आकडा पुढे, जोडणी मागे

शाओमीने सप्टेंबर २०२५ मध्ये पंधरानंतर थेट सतरा क्रमांकाचा फोन आणला. सोळावा कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर त्याच महिन्यात आलेल्या आयफोन १७ कडे बोट दाखवते. वनप्लसने तेरावरून पंधरावर उडी मारली. चीनमध्ये चार हा आकडा अशुभ मानतात, म्हणून याच कंपनीने पूर्वी चौथा फोनही गाळला होता. सॅमसंगने २०२० मध्ये एस १० नंतर एस २० काढला, आणि अ‍ॅपलच्या घरी नववा आयफोन जन्मालाच आला नाही. या उड्यांवर रागवावे असे काही नाही. फोनचा क्रमांक म्हणजे कंपनीने आपल्या लेकराचे केलेले बारसे. त्यात काय ठेवावे हा तिचा प्रश्न. मात्र हीच मोकळीक फोनच्या आत चालणाऱ्या बिनतारी मानकांच्या आकड्यांतही शिरली आहे, आणि तिथे ती निरुपद्रवी राहत नाही. वाय-फाय ७ किंवा ५जी हे आकडे ग्राहक बारशाचे नाव म्हणून वाचत नाही. अमुक इतके काम हे यंत्र करील, अशी हमी म्हणून तो त्यासाठी पैसे मोजतो. माझे म्हणणे इतकेच, की हमी म्हणून विकला जाणारा आकडा हमीसारखा तपासताही आला पाहिजे.

आकडे आले ते चांगल्या हेतूने. ८०२.११ एन, मग एसी, मग एएक्स ही अभियंत्यांची बाराखडी गिऱ्हाइकाला काही सांगत नव्हती. २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्सने त्यांना अनुक्रमे ४, ५ आणि ६ असे सुटसुटीत आकडे दिले. मोठा आकडा नवा, एवढे तरी कोणालाही कळू लागले. पुढे अमेरिकेत ६ गिगाहर्ट्झचा पट्टा खुला होणार हे दिसू लागल्यावर २०२० मध्ये ‘वाय-फाय ६ई’ हे नाव आले. दिसायला हे नाव ओबडधोबड आहे, पण माझ्या मते या सगळ्या मालिकेतले सर्वांत प्रामाणिक नाव हेच. त्यातल्या ‘ई’चा अर्थ एकच होता: या यंत्राला ६ गिगाहर्ट्झ चालतो. मग वाय-फाय ७ आले आणि ‘ई’ गळाला. आज ६ गिगाहर्ट्झ अजिबात नसलेले, केवळ २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारे राउटर खोक्यावर सात हा आकडा मिरवत बाजारात विकले जातात, आणि तसे करण्यात नियमभंग काही नाही. म्हणजे सहाच्या पुढची ‘ई’ जे छातीठोकपणे सांगत होती, ते सात सांगत नाही. आकडा वाढला आणि त्यातली माहिती घटली.

फोनमध्येही तेच. वाय-फाय ७ ची जाहिरात होते ती ३२० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीवर, कारण वेगाचे डोळे दिपवणारे आकडे तिच्यातूनच निघतात. आयफोन १६ वाय-फाय ७ चा, पण त्याची वाहिनी १६० मेगाहर्ट्झपर्यंतच जाते. ही रुंदी तर सहाव्या पिढीतही होती. अनेक पट्टे एकत्र वापरण्याची जी सोय सातव्या पिढीची खूण मानली जाते, तिचेही प्रकार आहेत: दोन पट्ट्यांवर खरोखर एकाच वेळी बोलणे वेगळे, आणि एकावरून दुसऱ्यावर चटकन सरकणे वेगळे. नाव दोघांचे एकच. त्यात आपल्याकडची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकेने २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झमधले तब्बल १,२०० मेगाहर्ट्झ वाय-फायला मोकळे केले. भारतात त्यातले खालचे ५०० मेगाहर्ट्झ परवानामुक्त करण्याचा मसुदाच मुळी मे २०२५ मध्ये निघाला. वरच्या भागावर मोबाइल कंपन्यांचा डोळा आहे. खालचा भाग प्रत्यक्ष खुला होईपर्यंत इथे ‘६ई’ म्हणून विकलेल्या फोनमधली ती ‘ई’ नुसती शोभेची होती. आणि या ५०० मेगाहर्ट्झमध्ये ३२० रुंदीची वाहिनी बसते फक्त एक. शेजारच्या सदनिकेतल्या राउटरनेही तीच धरली, तर ती दोघांत वाटली जाणार.

मोबाइल नेटवर्कच्या पिढ्यांचा इतिहास तर याहून रंजक आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ४जी साठी कडक अटी घातल्या होत्या. अमेरिकी कंपन्या त्या न पाळणाऱ्या सेवांना ४जी म्हणू लागल्या, तेव्हा डिसेंबर २०१० मध्ये संघानेच माघार घेऊन सुधारित ३जीलाही ते नाव चालेल असे मान्य केले. पंचाने रेषा पुसली की खेळाडू कशाला थांबतील? एटी अँड टीने पुढे सुधारित ४जी वापरणाऱ्या फोनच्या पडद्यावर ‘५जी ई’ झळकवले, त्यावर स्प्रिंटने २०१९ मध्ये दावा लावला आणि तो आपसांत मिटला. भारतात पहिला ५जी फोन म्हणून रिअलमी एक्स ५० प्रो आला फेब्रुवारी २०२० मध्ये. नेटवर्क सुरू झाले १ ऑक्टोबर २०२२ ला. त्या दिवशीही आयफोनधारकांच्या हाती ५जी नव्हतेच, सॉफ्टवेअर सुधारणेसाठी त्यांना डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. सर्वांत बोलके उदाहरण २०२४ च्या अखेरीस आलेल्या रेडमी ए४ ५जी या स्वस्त फोनचे. हा फोन फक्त स्टँडअलोन, म्हणजे ४जीचा टेकू न घेता चालणारे ५जी पकडतो. जिओचे ५जी तसे आहे. एअरटेलचे तेव्हा मुख्यतः ४जीच्या आधाराने चालत होते. म्हणजे फोनच्या नावात ५जी, एअरटेलच्या जाहिरातीत ५जी, आणि दोन्ही एकत्र आले की हाती ४जी! कंपनीने ही मर्यादा लपवली नव्हती. पण साडेआठ हजारांचा फोन घेणारा किती जण तळटीप वाचून घेतो?

यावर पहिला आक्षेप असा की फोन आधी आले नाहीत तर नेटवर्क कोणी उभारणार नाही. तो मला पूर्ण मान्य आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: फोन चार-पाच वर्षे वापरायचा असतो, तेव्हा आज न चालणारी सोय उद्या उपयोगी पडेल, ती आत्ताच घेतलेली बरी. हिशेब म्हणून हे बरोबर. पण तो हिशेब करायला ग्राहकाच्या हाती माहिती हवी. फोन कोणते पट्टे पकडतो, किती रुंद वाहिनी घेतो, हे त्याला कळले तर तो उद्यावर पैसे लावील किंवा लावणार नाही. नुसत्या आकड्यावर तो लावतो तो डाव ठरतो. तिसरा आक्षेप, सामान्य माणसाला मेगाहर्ट्झ काय कळणार? नाही कळले तरी दुकानदाराला कळेल, परीक्षण लिहिणाऱ्याला कळेल, भाच्याला कळेल. आपल्याकडे फोनवर शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे सारचा आकडा द्यावाच लागतो. तो किती जण वाचतात हा प्रश्न नाही. तो छापावा लागतो म्हणून मर्यादा पाळली जाते. त्याच्या शेजारी आणखी दोन ओळींना जागा निघायला हरकत नसावी.

यूएसबीवाल्यांनी हा धडा उशिरा का होईना गिरवला. ३.२ जेन १, जेन २ असा घोळ घालून झाल्यावर २०२२ मध्ये त्यांनी नावे बाजूला ठेवून खोक्यावर सरळ वेग छापायला सांगितले. बिनतारी मानकांना हा उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. केबल दोन यंत्रांच्या खासगी मालकीची असते. हवा सगळ्या इमारतीची, आणि भिंती, अंतर, शेजारी यांच्यापुढे कमाल वेगाचा आकडा टिकत नाही. तिथे वेगापेक्षा पट्टे आणि रुंदी छापणे अधिक खरे. त्यातही ‘या देशात चालू’ असा एक रकाना हवा.

ही निकड वाढणार आहे ती वाय-फाय ८ मुळे. या दशकाच्या अखेरीस पक्के होऊ घातलेले हे मानक कमाल वेग वाढवतच नाही. वाहिनी तीच, ३२० ची. त्याचा सगळा भर जोडणी टिकण्यावर आहे: सिग्नल क्षीण असताना मिळणारा वेग पंचवीस टक्क्यांनी वाढावा, विलंब आणि गहाळ होणारी पाकिटे तितक्याच प्रमाणात घटावीत, एका राउटरकडून दुसऱ्याकडे जाताना कॉल तुटू नये. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मला ही आजवरची सर्वांत शहाणी पिढी वाटते, कारण घरात खरी तक्रार असते ती आतल्या खोलीत तुटणाऱ्या व्हिडिओ कॉलची. पण आकडा मोठा म्हणजे वेग मोठा, हे समीकरण ग्राहकाच्या डोक्यात जाहिरातींनीच पक्के बसवले आहे. आता त्याच जाहिरातदारांना आठ हा आकडा विकायचा आहे, आणि दाखवायला वेगाचा नवा आकडा त्यांच्याकडे नसेल.