‘श्राइव्ह’ म्हणजे लिहून देणे

राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारला इंग्रजीत ‘श्रोव्ह ट्यूझडे’ म्हणतात. त्या दिवशी इंग्लंडमध्ये घरोघरी पॅनकेक होतात, हे आपण ऐकलेले असते. पण ‘श्रोव्ह’ म्हणजे काय?

हा शब्द ‘श्राइव्ह’ या आता वापरातून गेलेल्या क्रियापदावरून आला. पापनिवेदन ऐकणे, प्रायश्चित्त देणे आणि पापांची क्षमा जाहीर करणे, हा त्याचा अर्थ. मूळ शब्द मात्र लॅटिन ‘स्क्रिबेरे’, म्हणजे लिहिणे. त्याच मुळाचा जर्मन शब्द ‘श्रायबेन’ आजही साध्या लिहिण्यासाठीच वापरतात. इंग्रजीत तो ‘नेमून देणे’ या अर्थाने धर्मगुरूंच्या प्रायश्चित्ताशी जोडला गेला. त्या काळी आयर्लंड-इंग्लंडमध्ये कोणत्या पापाला कोणते प्रायश्चित्त, हे सांगणारे ग्रंथ होते. कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर (६६८ ते ६९०) यांच्या नावाने असा एक ग्रंथ ओळखला जातो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. प्रायश्चित्त लिहून दिले, आपण ते पुरे केले, म्हणजे हिशेब मिटला का? शेजाऱ्याचा बांध कोरला, भावाशी दहा वर्षे अबोला धरला, कुणाची खोटी बदनामी केली. नंतर पापनिवेदन केले, तीन ‘नमो मरिया’ म्हटल्या. देवाने क्षमा केली, यात शंका नाही. पण बांध अजून कोरलेलाच आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. क्षमेने पाप दूर होते, पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करावे लागते, बदनामी केली तर ती पुसावी लागते. जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले, ते क्षमा विकत घेण्यासाठी नव्हे. प्रभू त्याच्या घरी आधीच आला होता.

डॉक्टरांच्या चिठ्ठीला इंग्रजीत ‘प्रिस्क्रिप्शन’ म्हणतात, तेही ‘स्क्रिबेरे’चेच लेकरू. त्या जुन्या ग्रंथांतही पापाला आजार आणि प्रायश्चित्ताला औषध मानले आहे. तेव्हा लिहून दिलेले प्रायश्चित्त हे फेडीचे बिल नसून औषधाची चिठ्ठी आहे. चिठ्ठी खिशात ठेवून कुणी बरा होत नाही.

या उपवासकाळात पापनिवेदनाहून परतताना आपण वाकडी वाट करून त्या शेजाऱ्याच्या, त्या भावाच्या दारावरून जाऊ या. आणि दार उघडे असेल, तर आत जाऊ या.