घर आणि पितृऋण

सज्जनहो, गेल्या कार्तिकात काटोलला सप्ताहातले एक कीर्तन माझ्याकडे होते. देहाच्या नश्वरतेवर बोलता बोलता आम्हा कीर्तनकारांचा नेहमीचा दृष्टांत मी दिला. हा देह म्हणजे भाड्याचे घर. मालक सांगेल त्या घटकेला रिकामे करावे लागते. मग त्याच्या भिंती रंगवीत काय बसता? टाळकऱ्यांनी माना डोलावल्या, विठ्ठलनामाचा गजर झाला. कीर्तन आटोपल्यावर पाया पडायला आलेला एक तरुण मात्र हात जोडून म्हणाला, "महाराज, देवाच्या घराचं भाडं मरताना एकदाच द्या लागते. आमाले दर महिन्याच्या पाच तारखेले द्या लागते जी."

जवळचे लोक हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य चपलेत खडा शिरावा तसे टोचत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मुद्दाम बोलावून घेतले. तो नागपूरला हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरी करतो, दोन खोल्यांत भाड्याने राहतो. वडिलांचे काटोलात पक्के घर आहे, शिवाय एक मोकळा प्लॉट आहे. मुलगा म्हणाला, "बाप म्हनते, आमी पोटाले चिमटा घेऊन घर बांधलं, तुमच्यात धमक नाही. मी म्हनतो, तुमाले ज्या भावात भेटलं त्या भावात मले देऊन पाहा. आता सांगा महाराज, खरं कोनाचं?"

हा प्रश्न एका घरातला नाही. काटोल-नरखेडपासून पुण्या-मुंबईपर्यंत ओसरीओसरीवर तो आज भांडला जात आहे. म्हणून चार शब्द लिहितो.

प्रथम वडिलांची बाजू ऐकली पाहिजे. आमच्या पिढीने कवेलूच्या छपराखाली पावसाळे काढले. गळती लागली की रात्रभर भांडी लावीत बसलो. संत्र्याचा बहार साधला तर दोन हजार विटा आणल्या, बहार गेला तर भिंत कमरेपर्यंतच राहिली. एकेक घर उभे राहायला दहा दहा वर्षे लागली. मुलांना उपाशी ठेवले नाही, कोणाचे बुडविले नाही. ही तपश्चर्या खोटी नव्हे. तिची थट्टा करील त्याने कधी स्वतः पाणी मारून भिंत भिजविलेली नसणार.

आता मुलाची बाजू. ती हिशेबाने पाहावी. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 18,000 रुपये पडतो आणि फेड होते 43 लाखांच्या वर. म्हणजे एक घर स्वतःसाठी आणि एकाहून अधिक घरे सावकारासाठी! त्यातही कर्ज मिळण्याआधी हातात रोख काही लाख लागतात. आणि भाडे भरणाऱ्याच्या हातात रोख उरत नाही. मी स्वतः 1988 साली काटोलात एक प्लॉट घेतला. मी तेव्हा शाळेत संस्कृत शिकवीत असे. माझ्या दोन वर्षांच्या पगारात तो झाला. आज तोच प्लॉट माझ्या मुलाला घ्यायचा म्हटले तर त्याचा पंधरा वर्षांचा पगार पुरणार नाही. तो माझ्यापेक्षा कमी कष्ट करतो काय? मुळीच नाही. मी साडेदहाला शाळेत जाऊन पाचला घरी येत असे. त्याला रात्री नऊला बस मिळते.

तेव्हा कष्ट आपले होते हे खरे, पण भाव आपला नव्हता. मधल्या काळात मी त्या प्लॉटवर काय केले? चार सिमेंटचे खांब रोवले, तार ओढली. आत गाजरगवत वाढले, शेजाऱ्याच्या शेळ्यांनी चरले. रस्ता सरकारने केला, वस्ती लोकांनी वाढविली, नागपूर आपणहून काटोलच्या दिशेने सरकत आले. किंमत वाढली ती या सगळ्यांमुळे, आणि मी ओसरीवर बसून म्हणालो, "बघा माझी दूरदृष्टी!" भाद्रपदात नदीला पूर यावा आणि काठावरच्याने म्हणावे की हे पाणी मी ओतले, तशातली गत.

माझ्या मुलाने हे एकदा मला तोंडावर सांगितले. "बाबा, कीर्तनात तुम्ही 'सोडा, सोडा' म्हणता आणि प्लॉटला तारेचं कुंपण." मी रागावलो. माझे उत्तर तेच होते, पोटाला चिमटा घेतल्याचे. त्यानंतर कित्येक महिने आमच्यात कामापुरतेच बोलणे राहिले.

मग मी शास्त्र काय म्हणते ते पुन्हा उघडून पाहिले. लहानपणी पाठशाळेत घोकलेले म्हातारपणी समजते म्हणतात, त्याचा प्रत्यय आला. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका. चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेलेली, आपल्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानलेली. तिचा सिद्धांत असा की, वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच स्वामित्व येते. बंगालच्या जीमूतवाहनाचा दायभाग याच्या उलट म्हणतो: बाप असेपर्यंत मुलाचे काही नाही. मुलगे मिताक्षरा ऐकून खूश होतील. पण त्यांनी पुढचेही ऐकावे. त्याच परंपरेत बापाचे आणि आजाचे ऋण फेडण्याचा भारही मुलानातवांवर ठेवला आहे, दारूचे आणि जुगाराचे वगळून. हक्क आणि ऋण अशी ती जोडगोळी होती. 2005 च्या कायद्याच्या सुधारणेने मुलीलाही जन्मतः समान हक्क मिळाला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला; आणि केवळ पुत्रधर्माच्या नावाखाली बापाचे कर्ज मुलाकडून वसूल करणे त्याच सुधारणेने थांबले. शिवाय बापाने स्वतः कमावलेल्या मिळकतीवर मुलाचा असा जन्मसिद्ध हक्क चालत नाही. म्हणजे माझ्या प्लॉटवर कायद्याने मुलाचे काहीच नव्हते. मी जिंकलो होतो!

पण कायद्याने जिंकलेला माणूस धर्माने हरलेला असू शकतो. माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे वेद सांगतात. ऋषींचे ऋण अध्ययनाने फेडावे, देवांचे यज्ञाने. आणि पितरांचे? ते फेडावयाचे संततीने. येथे क्षणभर थांबा. बापाचे देणे बापाला परत करता येतच नाही. त्याने आपल्याला खांद्यावर घेतले, आपण त्याला कितीदा घेणार? ते देणे पुढे द्यावे लागते, मुलाला. संत्र्याचे कलम लावणारा पाच-सहा वर्षे फळाचे तोंड पाहत नाही. त्याने खाल्ली ती फळे दुसऱ्या कोणी लावलेल्या झाडाची. माझ्या वडिलांनी मला राहते घर दिले म्हणून माझा पगार प्लॉटला लागला. ते ऋण मी घेतले, आणि फेडायची वेळ आली तेव्हा त्याला 'माझी कर्तबगारी' असे नाव दिले.

एवढे मनाशी ठरवून एके रात्री घरी म्हटले, "प्लॉट मुलाला देऊन टाकू." आमच्या घरच्या मंडळी वाती वळीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "द्या ना. पण अहो, माह्या पाटल्या कुठी हायेत?"

सज्जनहो, मला घाम फुटला. 1988 साली पगारात कमी पडले ते त्यांच्या माहेरच्या पाटल्या मोडून भरले होते, आणि ते मी साफ विसरलो होतो. याज्ञवल्क्याने स्पष्ट सांगितले आहे की नवऱ्याने बायकोचे स्त्रीधन चारच प्रसंगी घेतले तर परत करण्याचे बंधन नाही: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि अटक. प्लॉटखरेदी त्यात बसत नाही! बाप आपल्या हयातीत मुलांना सारखे वाटे देईल तर पत्नीलाही तेवढाच वाटा द्यावा, हेही त्यानेच सांगितले आहे. हे सगळे मला पाठ होते. घरात मात्र त्यातले काहीच आणले नव्हते. बापलेकांच्या भांडणात आम्ही दोघेही 'माझे घर, माझे घर' म्हणत होतो. आणि ज्या बाईने ते चाळीस वर्षे सारवले, झाडले, तिचे नाव एकाही कागदावर नव्हते.

मुलीलाही विचारले. ती म्हणाली, "मला नको, दादाला द्या." आपल्याकडे मुलीने 'नको' म्हणायचे आणि हक्कसोडपत्रावर सही करून माहेरचा पाटा-वरवंटा गोड मानायचा, अशी रीतच पडली आहे. त्या रीतीला मी तिची इच्छा समजलो नाही. प्लॉट विकून तीन वाटे केले: पत्नीचा, मुलाचा, मुलीचा. मुलाला नागपुरात घरासाठी भरायला रोख रक्कम हाती आली.

तो आनंदाने मिठी मारील असे मला वाटले होते. तो पैसे मोजून खिन्नपणे म्हणाला, "बाबा, दहा वर्षांपूर्वी हे केलं असतं तर." तो खरे बोलला. दहा वर्षांपूर्वी त्या रकमेत तीन खोल्या आल्या असत्या. आता ती कर्जाची सुरुवात झाली. दानाला देश, काल आणि पात्र पाहावे असे मी शेकडो वेळा सांगितले असेन. पात्र घरात होते, देशही होता, काल मात्र मी चुकविला. मुलाला गरज असते तिशीत, आणि आपण देतो साठी-सत्तरीनंतर, बहुधा मेल्यावर. तोवर त्याचे केस पिकलेले असतात, आणि त्याचाच मुलगा दारात उभा असतो.

आता प्रश्न एका घरापुरता न पाहता थोडा मोठा पाहू. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. आणि 2012 साली केंद्राच्या तज्ज्ञगटाने शहरांतल्या घरांची तूट सांगितली ती सुमारे 1 कोटी 88 लाख. एकीकडे कुलपे आणि दुसरीकडे एकाच खोलीत तीन पिढ्या! ही कुलपे सगळी धनदांडग्यांचीच आहेत असे समजू नका. त्यात तुमच्या-आमच्यासारखे माळकरीही आहेत. 'भाव येईल तेव्हा बघू' म्हणून बसलेले, किंवा 'भाडेकरू घुसला तर निघायचा नाही' या भीतीने खोली बंद ठेवलेले. भीती जुन्या काळात खोटी नव्हती. परंतु 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मुदतीचा लेखी करार करून तो नोंदवला तर मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याची वाट आहे. मग कुलूप भीतीचे की लोभाचे, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

याचा अर्थ म्हाताऱ्यांनी सगळे देऊन उघड्यावर बसावे असा नव्हे. घर मुलाच्या नावे करून नंतर त्याच ओसरीवर परक्यासारखे बसलेले आईबाप मी पाहिले आहेत. म्हणून 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा ध्यानात ठेवावा: सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते देणे रद्द करून घेता येते. पण ती अट कागदावर लिहून घ्यावी. प्रेम आहे म्हणून कागद टाळू नये. जादाचे असेल ते वेळेवर द्यावे, राहते छप्पर आपल्या आणि बायकोच्या नावावर ठेवावे. सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातू झाला की गृहस्थाने वनात जावे असे मनूने सांगितले. आता वन कुठले? काटोलच्या आसपास तर संत्र्याच्या बागाही कापून ले-आऊट पडत आहेत. आपल्यापुरते वनात जाणे म्हणजे कमरेची जादा किल्ली सोडून देणे, एवढेच.

आणि मुलांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. बापाला स्वस्तात मिळाले हा त्याचा अपराध नाही. त्याच्या घरावर डोळा ठेवून त्याचे दिवस मोजू नका. मागायचे ते त्याच्या समोर बसून मागा. आणि मिळाले तर ते बक्षीस न समजता ऋण समजा. उद्या तुमच्या मुलाला तुमचाही भाव परवडणार नाही.

पुंडलिकाची कथा आपण सारे जाणतो. आरंभी आईबापांना छळणारा तो पुढे त्यांचे पाय चेपीत बसला, आणि दारात देव आला तेव्हा उठला नाही. हाताशी वीट होती ती पुढे केली. आम्ही कीर्तनकार ही कथा नेहमी मुलांना सांगतो, सेवा करा म्हणून. या वेळी मी ती स्वतःला सांगून पाहिली. आज माझ्या दारात ताटकळत कोण उभे आहे? माझेच लेकरू. त्याने वाडा मागितला नाही, उभे राहण्यापुरती वीट मागितली होती. ती माझ्या हाताशी चौतीस-पस्तीस वर्षे पडून होती.

त्या तरुणाच्या वडिलांना मी अजून भेटलो नाही. या एकादशीला त्यांच्याकडे जाणार आहे. उपदेश करणार नाही. माझ्या पाटल्यांची गोष्ट तेवढी सांगेन. बोला, पंढरीनाथ महाराज की जय.