एकेक फेरी

ब्रह्मदेशच्या जंगलातून एक फौज चालली होती. तिच्यात इंग्रज होते, गुरखे होते, ब्रह्मी सैनिकही होते. जपान्यांनी जिंकलेल्या मुलखात खोलवर शिरायचं, रेल्वेचे रूळ उखडायचे, पूल उडवायचे आणि परत यायचं, हे तिचं काम. या सैनिकांना चिंडिट म्हणत. 1943 साली ते पहिल्यांदा गेले तेव्हा साधारण 3,000 माणसं होती. त्यांच्यात एक नियम होता. ज्याला चालता येत नाही, त्याला मागे ठेवायचं.

नियम दुष्टाव्याने केलेला नव्हता. एका जखमीला उचलायला चार माणसं लागतात, चार माणसं गुंतली की रांग रेंगाळते, आणि रांग रेंगाळली की सगळेच सापडतात. हिशेब सरळ होता, म्हणून तो कुणाला खोडताही येत नव्हता. जखमीला झाडाखाली नाहीतर एखाद्या गावात ठेवायचे. जवळ थोडं पाणी ठेवायचे. मग रांग पुढे निघायची. त्या मोहिमेतून 800 च्या वर माणसं परत आली नाहीत.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ही फौज पुन्हा गेली. या वेळी बहुतेक जण विमानांतून आणि ग्लायडरमधून जंगलातल्या मोकळ्या जागांवर उतरले. त्यांच्या मदतीला अमेरिकन विमानदळाची एक तुकडी होती. तिचा तळ आसाममध्ये, कछारच्या बाजूला, लालाघाट नावाच्या गावी होता. तुकडीकडे मोठी विमानं होती तशीच अगदी छोटी विमानंही होती. नदीकाठची वाळू, भाताची खाचरं, जिथे दोनतीनशे पावलांची सपाट जागा मिळेल तिथे ती उतरायची, जखमींना घ्यायची आणि उडायची. जुना नियम कुणी रद्द केला नाही. त्याची गरज कमी कमी होत गेली, इतकंच.

या छोट्या विमानांच्या वैमानिकांत एक जण होता. सोबती त्याला मर्फी म्हणत. 21 एप्रिलला तो तीन आजारी-जखमी इंग्रज सैनिकांना घेऊन निघाला. वाटेत खालून गोळ्या आल्या. विमान कसंबसं एका खाचरात उतरलं आणि मोडलं. चौघे जिवंत राहिले. मर्फीला चालता येत होतं, बाकीच्यांची तशी अवस्था नव्हती. तो त्यांच्यापाशी थांबला. जवळच्या रस्त्याने जपानी सैनिकांची ये-जा होती, म्हणून चौघे झाडीत सरकले.

त्यांना शोधायला निघालेल्या एका विमानाला ते दिसले. शत्रू जवळ आहे, डोंगराकडे वर सरका, असा निरोप त्या विमानाने खाली टाकला. पण उतरायला तिथे जागा नव्हती. वाळूचा एक पट्टा होता, तो काही मैलांवर नदीत. तिथवर जखमींना न्यायचं म्हणजे पुन्हा तोच हिशेब आला. चार माणसं, रेंगाळणारी रांग, आणि इथे तर रांगसुद्धा नव्हती.

लालाघाटच्या तळावर आणखी एक वस्तू होती. तिच्याकडे पाहून लोक हसत. कुणी तिला अंडी फेटायचं यंत्र म्हणत. ते हेलिकॉप्टर होतं, सिकॉर्स्की कंपनीने बनवलेलं. लढाईत हेलिकॉप्टर काय कामाचं, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या पात्यांवर कापड ताणलेलं होतं. इंजिनाला 200 अश्वशक्तीही नव्हती. आत दोन माणसांची जागा. एक चालवणार, म्हणजे नेता येणार एकालाच. तेही हवा गार असेल तर. एप्रिलमधल्या ब्रह्मदेशात हवा गार कुठून असणार?

चालवणारा होता कार्टर हरमन नावाचा पंचविशीतला तरुण. सैन्यात येण्यापूर्वी तो न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात संगीतावर लिहीत असे. गाण्याबजावण्यावर लिहिणाऱ्या माणसाच्या हाती हे यंत्र कसं आलं, हा युद्धाचाच खेळ. फेटायचं यंत्र पाठवा, असा निरोप पुढच्या तळावरून आला आणि हरमन निघाला.

हे यंत्र एका दमात लांब जाऊ शकत नव्हतं. थोडं उडायचं, उतरायचं, इंधन भरायचं, पुन्हा उडायचं, असं करत तो डोंगरांपलीकडे टारो नावाच्या ठिकाणी पोचला. तिथून पुढचा पल्ला टाकीत मावेना. मग दुसऱ्या एका विमानाची इंधनाची टाकी काढून त्यांनी ती हेलिकॉप्टरात वर बसवली. डोक्यावर पेट्रोल घेऊन हरमनने डोंगर ओलांडले आणि शत्रूच्या मुलखात चिंडिटांनी राखलेल्या तळावर तो उतरला. ती 25 एप्रिलची गोष्ट.

तळावर आल्या आल्या त्याला बेत सांगितला गेला. नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर छोटं विमान थांबेल. हेलिकॉप्टरने झाडीतून एकेक माणूस उचलून वाळूवर आणायचा, तिथून विमानाने तळावर. माणसं चार होती, म्हणजे फेऱ्या चार.

पहिली फेरी झाली. हरमन झाडांमधल्या एका चिंचोळ्या जागेत उतरला. मर्फीने एका जखमीला आधार देऊन आणलं आणि आत बसवलं. हरमनने जोर दिला. उन्हाने हवा इतकी पातळ झाली होती की पात्यांना धरायला काही मिळत नव्हतं. इंजिनाचा काटा लाल रेघ ओलांडून गेला. इंजिन एवढं ताणू नये, असं शिकवलेलं होतं. हरमनने ताणलं. यंत्र थरथरत वर आलं, झाडांच्या शेंड्यांवरून गेलं आणि वाळूवर टेकलं. जखमीला विमानात चढवलं, विमान उडालं.

हरमन परत गेला आणि दुसऱ्यालाही तसंच आणलं. पण वाळूवर टेकल्यावर इंजिनाने हात टेकले. ते तापून लाल झालं होतं, चालू होईना. ऊन कलत होतं. रात्रभर थांबून ते निवू द्यायचं, याशिवाय दुसरा इलाज नव्हता. हरमन यंत्रापाशी वाळूतच राहिला.

तिकडे झाडीत दोघे उरले होते, मर्फी आणि तिसरा जखमी. त्यांनी यंत्र दोनदा येताना पाहिलं होतं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज आला नाही, आणि अंधार पडला. मला या गोष्टीतली ही रात्र सगळ्यांत मोठी वाटते. जंगलात आधी काढलेल्या रात्री एका परीने सोप्या होत्या, कारण तेव्हा हातात काहीच नव्हतं. आता अर्धं काम झालं होतं. दोघे सुटले होते आणि दोघे राहिले होते. आधीच्या वर्षी झाडाखाली ठेवलेल्या माणसाला निदान ठाऊक असे की कुणी येणार नाही. यांना तेवढीही खात्री नव्हती.

सकाळी इंजिन चालू झालं. हरमन आला, तिसऱ्या जखमीला घेऊन गेला. मग मर्फी एकटाच उरला.

तो झाडीच्या कडेला उभा राहून वाट पाहत होता. हेलिकॉप्टर चौथ्यांदा उतरलं. मर्फी धावत जाऊन आत चढला. तेवढ्यात समोरच्या झाडांतून हत्यारं घेतलेले सैनिक बाहेर पडले आणि यंत्राच्या दिशेने पळत येऊ लागले. हरमनने मागेपुढे पाहिलं नाही. काटा पुन्हा लाल रेघेपलीकडे गेला, यंत्र पुन्हा थरथरलं, आणि सैनिक पोचायच्या आत दोघे हवेत होते. थोड्या वेळाने ते वाळूवर उतरले. चारही जण वाचले.

पळत आलेले ते सैनिक जपानी नव्हते. ते चिंडिट होते. याच माणसांना सोडवायला दुसरी एक तुकडी जंगलातून पायी निघाली होती आणि ती नेमकी त्याच वेळी पोचली. हे हरमनला नंतर कळलं. ज्यांना शत्रू समजून तो पळाला होता, ते त्याच्याच कामावर आले होते.

लढाईत हेलिकॉप्टरने माणसं सोडवल्याची ही पहिली नोंद. गोष्ट म्हणून पाहिली तर तिच्यात पराक्रम फार थोडा दिसतो. कुणी शत्रू मारला नाही, कुणी ठाणं जिंकलं नाही. चार माणसांना दोन दिवस लागले. पण त्या चौघांसाठी एक यंत्र डोंगर ओलांडून आलं होतं आणि एक तुकडी पायी आली होती. चिंडिटांचा जुना हिशेब चुकीचा नव्हता, त्यात एक गोष्ट धरायची राहिली होती. मागे ठेवलेल्या माणसाकडे पुढे चालणारेही पाहत असतात आणि आपली पाळी आली तर काय होईल, हे मनात धरूनच लढतात. आपल्यासाठी कुणी येईल हे ज्याला ठाऊक असतं, त्याचा पाय वेगळा पडतो. म्हणून नेणाऱ्याची ताकद किती, याला फार महत्त्व नाही. एकालाच नेता येत असेल तर एकाला न्यावं. मात्र पुन्हा यावं.

हे काम पुढे अनेकांनी अंगावर घेतलं. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना बाहेरून स्ट्रेचर बांधून जखमींना नेऊ लागले. आपल्याकडे सियाचीनवर चीता हेलिकॉप्टरं हेच करत आली आहेत. तिथे थंडी आहे, पण उंचीमुळे हवा विरळ, म्हणजे अडचण हरमनचीच. वरच्या ठाण्यांवर भार इतका बेताचा ठेवावा लागतो की एकदोन माणसांपुढे गाडी सरकत नाही. बंद केलेलं इंजिन वर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नसतो, म्हणून पाती फिरत असतानाच माणूस चढवतात. नाशिकला गांधीनगरच्या बाजूला राहणाऱ्यांना डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज सवयीचा आहे. लष्कराच्या वैमानिकांचं शिक्षण तिथे होतं. त्या आवाजाकडे आपण मान वर करून पाहतोच असं नाही.

आणि एक वाद झाला, तोही सांगायला हवा. 1964 साली व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याकडे जखमींसाठी हेलिकॉप्टरं मोजकीच होती. एका सेनाधिकाऱ्याला वाटलं, जखमी नसतील तेव्हा ही उगाच का बसून राहावीत? वरचा लाल क्रॉस काढता-लावता येईल असा करावा, म्हणजे इतर वेळी त्यांतून सामान नेता येईल. हा अधिकारी स्टिलवेल. त्याचे वडील जनरल स्टिलवेल 1944 साली ब्रह्मदेशातच लढत होते. मुलाचाही हिशेब सरळ होता. पण या हेलिकॉप्टरांच्या तुकडीचा प्रमुख मेजर चार्ल्स केली ऐकेना. हेलिकॉप्टर सामान आणायला गेलेलं असताना जखमी बोलावेल, त्याला काय सांगायचं, हे त्याचं म्हणणं.

त्याच वर्षी 1 जुलैला केली एका जखमीला उचलायला उतरला. खाली गोळीबार चालू होता. निघून जा, असं रेडिओवर त्याला सांगण्यात आलं. तुमचे जखमी आत आल्यावर जाईन, असं तो म्हणाला. उघड्या दारातून गोळी आली आणि तो तिथेच गेला.

त्याच्या हाताखाली पॅट्रिक ब्रेडी नावाचा एक वैमानिक होता. हेलिकॉप्टर कसं उतरवायचं हे तो केलीकडून शिकला होता. 1968 च्या 6 जानेवारीला, दाट धुक्यात, हा ब्रेडी सकाळपासून जखमींना आणत होता. एक हेलिकॉप्टर गोळ्यांनी चाळण झालं तेव्हा त्याने दुसरं घेतलं. तेही गेलं तेव्हा तिसरं घेतलं. अशा फेऱ्या करत त्या दिवशी त्याने 51 जखमींना बाहेर आणलं.