गंजाक दिसता

लोखंड राखणं हे असं काम आहे की ते नीट केलं तर केल्यासारखं दिसतच नाही. सायकल गंजली नाही म्हणून कोणी तिच्या मालकाची पाठ थोपटत नाही.

आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि किनाऱ्याला बारमाही खारा वारा. ॲल्युमिनियमवरचा थर त्याला चिकटून आतल्या धातूला सांभाळतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा हवापाण्याला मोकळं होतं. मीठ असलं की हे आणखी झपाट्यानं होतं. वरचा टवका डोळ्यांना दिसतो. पॉलिश पेपरनं घासून, रेड ऑक्साइड लावून त्यावर रंग मारता येतो. पण सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी पायडलांच्या एक्सलपाशी साचतं. तिथला गंज आतून नळी खातो, आणि बाहेर रंग तसाच चकचकीत राहतो.

आमचे अण्णा दर मे महिन्यात सीट काढून नळीत तेल ओतायचे, सायकल या कुशीवरून त्या कुशीवर करून ते आतून फिरवायचे, रात्रभर निथळू द्यायचे आणि मग एक्सलला नवं ग्रीस भरायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, आतला कोणाक दिसता?"

"गंजाक दिसता," ते म्हणाले.

याला काटकसर म्हणता येईल. सायकल महाग, पगार तुटपुंजा. स्वतःची वस्तू कोण जपणार नाही? मलाही बरीच वर्षं तसंच वाटे. पण गुडघे गेल्यावर त्यांनी सायकल वाडीतल्या एका पोराला द्यायची ठरवली, आणि देण्याआधी पुन्हा सीट काढून तेल ओतलं. आता फायदा त्यांचा नव्हता. त्या पोराला तर कळणारही नव्हतं; उद्या सायकल टिकली तर तो म्हणणार, जुना माल मजबूत.

मग हे कर्तव्य कोणाशी? लोखंडाला सुखदुःख नाही, तेव्हा लोखंडाशी नव्हे. मला वाटतं, ते पुढं त्या दांड्यावर भार टाकणाऱ्या माणसाशी असतं, त्याचं नाव माहीत असो वा नसो. उतारावर दांडा तुटला तर पडणार तो. चांगुलपणाला आभार लागतातच असं नाही. बरेचदा तो एखाद्या बंद नळीत तेलासारखा पसरलेला असतो, आणि ज्याला त्याचा आधार तो निवांत पायडल मारत पुढं जातो.