वस्तू टिकते, तेव्हा कोण झिजतं?

आपल्या साध्या पातेल्याला दांडा नसतो. कानही नसतो. नुसता बाहेर वळलेला काठ असतो. ही उणीव नाही, हे अतिशय हुशार डिझाइन आहे, असं माझं ठाम मत आहे. दांडा असलेल्या भांड्यात सगळ्यात आधी मोडतो तो दांडाच. त्याचा स्क्रू ढिला होतो, प्लास्टिक जळतं, तडकतं, आणि मग चांगलं भांडं केवळ धरता येत नाही म्हणून माळ्यावर जातं. आपल्याकडे तो दांडाच भांड्यापासून सोडवून वेगळा ठेवलाय. दहा पातेल्यांना मिळून एक. त्याचं नाव पक्कड. (तुमच्याकडे सांडशी म्हणत असतील.) दांडे नाहीत म्हणून पातेली एकात एक बसतात आणि दहा भांड्यांना एका भांड्याची जागा पुरते. आमच्या धंद्यात याला डिकपलिंग म्हणतात आणि त्यावर दोन-दोन तास मीटिंगा चालतात.

पक्कड म्हणजे धातूचे दोन हात आणि एक रिवेट. लांब बाजू आपल्या मुठीत, आखूड बाजू काठावर. म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. स्प्रिंग नाही, रबर नाही, वायर नाही. डावखुऱ्याला वेगळी लागत नाही. एका हॉटेलात पोटभर जेवायला जेवढे पैसे लागतात त्याहून कमी पैशात येते आणि वर्षानुवर्षं रोज वापरली जाते.

अशा स्वस्त, टिकाऊ वस्तूंचा विषय निघाला की सगळेच हळवे होतात. आजीची विळी, आईचं लाटणं, काळाकुळकुळीत बिडाचा तवा. मग कुणीतरी म्हणतंच, ‘पूर्वीच्या वस्तू टिकायच्या.’

मला या वाक्याच्या व्याकरणातच गडबड वाटते. कर्ता वस्तू आहे आणि क्रियापद ‘टिकणं’. जणू वस्तूनं ते एकटीनं, स्वतःच्या बळावर केलं. मी ज्या सिस्टिमवर काम करतो तिचा काही कोड मी शाळेत असताना लिहिला गेलाय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय भक्कम काम केलंय! आत काय चालतं ते आम्हाला माहीत. कुणीतरी दर काही आठवड्यांनी लायब्ररी अपडेट करतं, सर्टिफिकेट संपायच्या आत नवं टाकतं, रात्री अडीचला फोन उचलतं. ‘टिकणं’ हे कोडचं क्रियापद नाही. माणसांचं क्रियापद आहे ‘टिकवणं’, आणि ते वाक्यातून गळून पडतं.

स्वयंपाकघरातही ते असंच गळतं. बिडाचा तवा ओला राहिला तर गंजतो, म्हणून कुणीतरी तो धुतल्या धुतल्या पुसतं आणि तेलाचं बोट फिरवतं. पाट्याचा खरखरीतपणा वाटून वाटून गुळगुळीत होतो. मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते, म्हणजे छिन्नी-हातोड्यानं दगडावर पुन्हा बारीक खड्डे पाडून घ्यावे लागतात. दारोदार हिंडून हे काम करणाऱ्यांमध्ये वडार समाजातल्या बाया होत्या. विळीला धार लावायला सायकलवाला यायचा, स्टँडवर सायकल उभी करून पेडल मारत दगडी चाक फिरवायचा. पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचं तर आतून कल्हई हवी, कारण आंबट आणि पितळ यांचं जमत नाही. म्हणून कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ थर फिरवायचा. तो थर पुन्हा झिजायचा, कल्हईवाला पुन्हा यायचा. वस्तू एक, तिच्यामागे माणसं किती! ‘टिकाऊ’ हा शब्द या सगळ्यांचा हिशेब एका विशेषणात गुंडाळतो. मग स्टील आलं. त्याला कल्हई लागत नाही, हे चांगलंच झालं, फक्त कल्हईवाल्याला ते कुणी विचारलं नाही.

हाना आरेंट या विचारवंत बाईंनी १९५८ साली ‘द ह्यूमन कंडिशन’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्या माणसाच्या कष्टांचे दोन प्रकार वेगळे काढतात. एक, ज्याचं फळ लगेच खाऊन संपतं आणि जे उद्या पुन्हा करावं लागतं. दुसरा, ज्यातून टिकणारी वस्तू तयार होते. पाव आणि टेबल ही त्यांचीच उदाहरणं: पाव जेमतेम दिवसभर टिकतो, टेबल पिढ्या बघतं. अशा टिकणाऱ्या वस्तूंमुळेच माणसाला ‘जग’ मिळतं, उभं राहायला काहीतरी स्थिर मिळतं, असं त्या म्हणतात.

मला हे पटतं आणि तरी मी पोळीपाशी अडतो. पोळी म्हणजे आरेंटबाईंचा पाव, लाटणं म्हणजे त्यांचं टेबल. घरात रोज १२ पोळ्या धरा, ४० वर्षं धरा. १,७५,२०० पोळ्या होतात. यातली एकही आज शिल्लक नाही. लाटणं आहे. आपण लाटणं हातात घेऊन म्हणतो, ‘बघ, चाळीस वर्षं झाली!’ पण त्या लाकडाला जो गुळगुळीतपणा आलाय, तो सुताराच्या रंध्याचा आहे की पावणेदोन लाख पोळ्यांचा? न टिकणाऱ्या कामानंच टिकणारी वस्तू घडवली आहे. आणि नाव कशावर? आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे: देणाऱ्याचं नाव, तारीख, कुणाच्या लग्नात वगैरे. देणाऱ्यानं ते भांडं एकदाच हातात धरलेलं असतं, तेही रॅपरमध्ये.

पण याहून अवघड प्रश्न प्रेमाचा आहे. ‘ही वस्तू आम्हाला फार आवडते’ यातलं ‘आम्ही’ कोण?

टिकाऊपणात जात्याचा हात कुणी धरणार नाही. दगडाच्या दोन तळ्या, एक खुंटा. विजेचं बिल नाही. आणि त्याच्याइतकी गाणी दुसऱ्या कुठल्याही अवजाराच्या वाट्याला आली नसतील. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी आता ‘परी’च्या वेबसाइटवर फोनवरसुद्धा ऐकता येतात. ऐकून बघा. पहाटेच्या अंधारात दळता दळता बाई कुणाकुणाशी बोलते, ते कळेल. तरीही गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायका डबे घेऊन गिरणीवर गेल्या. जात्यासाठी मोर्चा निघाला नाही. गाणं जात्याचं होतं म्हणून जातं आवडतं होतं, असं नव्हतं. दळणं अटळ होतं, म्हणून गाणं लागत होतं. आज तेच जातं लग्नाच्या मुहूर्ताची हळद दळायला पाच मिनिटं पुढे येतं किंवा ‘अस्सल गावरान’ हॉटेलच्या दारात उभं असतं, आणि त्याच्याशेजारी फोटो काढणाऱ्यांत मी धान्य दळलेली व्यक्ती सहसा बघितलेली नाही.

म्हणून मी माझ्यापुरती एक चाचणी लावतो. वस्तू किती वर्षं टिकली हे नंतर. आधी हे, की जिनं किंवा ज्यानं ती रोज वापरली, त्या माणसासमोर दुसरा पर्याय ठेवला, तर ते माणूस उद्या सकाळी पुन्हा हीच उचलेल का? पक्कड या परीक्षेत सहज पास होते. किसणी पास होते, बोटं सांभाळून. रवी बऱ्याच घरांत पास होते, कारण अर्धा वाटी दह्याच्या ताकासाठी मिक्सर धुवायला कुणाला आवडतं? जातं नापास.

यावर माझा एक मित्र म्हणतो की मग सोय हाच देव झाला, दर तीन वर्षांनी नवा नॉनस्टिक तवा घ्या आणि जुना उकिरड्यावर टाका. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. तो कचरा कुणाच्या तरी वस्तीशेजारीच जातो, आणि झिजणारं माणूस फक्त नजरेआड होतं. पण याचं उत्तर ‘जुनंच बरं’ हे नाही. कणीक मळणाऱ्याच्या खांद्यावर भार टाकून पर्यावरण वाचवायचं असेल, तर निदान मळणारे हात घरात आळीपाळीनं बदलावेत.

विळीचा निकाल मला अजून देता येत नाही. अवजार म्हणून ती अफाट आहे. सुरी हलते आणि भाजी थांबते. विळीचं पातं थांबतं आणि भाजी हलते, त्यामुळे दोन्ही हात भाजीला मिळतात. लाल भोपळा, सुरण, फणस अशा आडदांड मंडळींसमोर सुरी घेऊन उभं राहिलेलं माणूस केविलवाणं दिसतं. पुढच्या टोकाला खोवणी, म्हणजे नारळाचीही सोय. काम झालं की ती आडवी करून ठेवायची, उभी ठेवायची नाही, ही शिस्तसुद्धा वस्तूबरोबरच येते. पण ती जमिनीवर बसायला लावते, एक पाय पाटावर दाबून, तासन्‌तास, आणि घरात कुणाला बसायला लावते हेही ठरलेलं असतं.

आमच्या आजीची विळी चिपळूणच्या घरात आहे. पात्याची रुंदी धार लावून लावून निम्म्यावर आली असेल, पण कापते. आजीचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसू नका म्हटल्यावर तिनं ओट्यावर उभं राहून सुरीनं चिरायला सुरुवात केली, काही समारंभ न करता. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, चुकल्यासारखं वाटतं का गं? ती म्हणाली, ‘कशाला? तीस वर्षं आधी सांगितलं असतं तर तेव्हाच सोडली असती.’ आत्याला ती विळी तिच्या फ्लॅटच्या भिंतीवर लावायला हवी होती. आजीनं दिली नाही. फणसाला लागते, म्हणाली.

त्यामुळे मे महिन्यात विळी बाहेर निघते. पात्याला आणि हातांना खोबरेल तेल चोळून बाबा तिच्यावर बसतात, आजी खुर्चीवरून सूचना देते, आणि चिकानं माखलेले हात वर धरून बाबा उठायला लागले की मला त्यांना दंडाला धरून उठवावं लागतं.