दोष कोणाचा?

वाशीम जिल्ह्यांतील मानोऱ्यासारख्या गांवीं शेतीचीं अवजारें दुरुस्त करणारीं लहान दुकानें असतात. अशाच एका दुकानांत लोखंडी पट्टीला भोक पाडतांना एका शिकाऊ पोराचा हात दुखावला. पट्टी त्यानें हातानेंच धरली होती. ड्रिल पलीकडे निघतां निघतां ती गरकन् फिरली. "लक्ष नव्हतें त्याचें," असें जमलेले सगळे म्हणाले. मीही म्हणालों. तें म्हणणें न्यायाचें होतें काय?

पीळदार ड्रिलचें पेटंट अमेरिकेंत स्टीफन मोर्स यांनीं १८६३ सालीं घेतलें. त्याच्या टोकाशीं दोन धारा व त्यांना जोडणारी एक आडवी कड असते. धारा धातु कापतात. कडेचा वेग मध्याशीं शून्य, म्हणून ती कापण्यापेक्षां रेटतेच अधिक, आणि खालील दाबापैकीं सुमारें निम्मा दाब तिलाच लागतो. धारेचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल काढावें व बेरीज करावी, ही या गणिताची रीत. १९४५ सालीं यूजीन मर्चंट यांनीं मांडलेला धातुकर्तनाचा सिद्धान्त तिला उपयोगी पडतो.

साधें उदाहरण घेऊं. १० मिलिमीटरचें ड्रिल एका फेरींत ०.२ मिलिमीटर उतरतें. मऊ पोलादाच्या दर चौरस मिलिमीटर छेदास २,५०० न्यूटन बल धरलें, तर पीळ सुमारें ६ न्यूटन-मीटर येतो. १५ सेंटिमीटरांवर धरलेल्या हातास तो चार किलो वजनाएवढा भासतो. एवढें कोणीही पेलील. म्हणूनच हातानें धरण्याची संवय जडते. पण मधली कड पलीकडे गेली कीं दाब एकाएकीं उतरतो, ताणलेलें यंत्र सैल होऊन ड्रिल पुढें झेपावतें, आणि धारा तर अजून तीन मिलिमीटर धातूंतच असतात. त्या जाड घांस घेतात. त्या प्रमाणांत पीळ वाढतो. लक्ष कितीही असो, तें पोंचण्यापूर्वीं पट्टी फिरलेली असते.

कोणी म्हणेल, शेवटीं हात हलका करावा हें जुने कारागीर गणितावांचून जाणत होते. खरें आहे. पण तें ज्ञान त्यांच्या हातांतच राहिलें. शिकाऊ पोराला तें जखमेच्या मोलानें मिळालें. हिशेब तेंच आधीं सांगतो, आणि आधीं कळण्याजोगें असतांना पट्टी आवळण्यास शिकंजा न देणारा दोषी ठरतो. विचार न करतां पोराला बोल लावणारे आम्हीही ठरतों.

त्या पोराला हें मीं अद्याप सांगितलेलें नाहीं. तें ऋण माझ्याकडे आहे.